पहिले पिंग का हुकते?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली. हैदराबादच्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक.ला प्रवेश घ्यावा, असे घरात चालले आहे. तिथल्या माहितीपत्रकात लिहिले आहे की, कॉम्प्युटर नेटवर्किंगचे प्रशिक्षण एका जगप्रसिद्ध कंपनीच्या भागीदारीत पदवीच्या काळातच मिळेल आणि सोबत ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ही मिळेल. त्याची फी मात्र वेगळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, यजमानांचे कापडाचे दुकान आहे. या क्षेत्रातले आमच्याकडे कोणी नाही. कंपनी विद्यापीठात शिकवते म्हणजे नेमके काय करते? तिचा त्यात काय फायदा? आणि हे जादा पैसे भरावेत का?
— एक वाचक भगिनी, देगलूर (जि. नांदेड)

उत्तर : ताई, कंपनीची माणसे विद्यापीठात येऊन रोज तास घेतात, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. सहसा तसे नसते. शिकवतात ते कॉलेजचेच प्राध्यापक. कंपनी देते तो अभ्यासक्रमाचा मजकूर, प्रत्येक टप्प्यावरची ऑनलाइन चाचणी, सरावाचे सॉफ्टवेअर आणि प्राध्यापकांना शिकवण्यासाठीचे प्रशिक्षण. खोली, यंत्रे, वायरी आणि वेळ हे सगळे कॉलेजचे. त्यामुळे कंपनी एकच असली तरी दोन कॉलेजांत मिळणारे शिक्षण अगदी वेगवेगळ्या दर्जाचे असू शकते. माहितीपत्रकावरच्या बोधचिन्हावरून यातले काहीच कळत नाही.

कंपनीचे नाव तुम्ही कळवलेले नाही. नेटवर्किंगमध्ये ही पद्धत रूढ केली ती सिस्को या अमेरिकन कंपनीने, आणि इतरांच्या अकादम्याही साधारण त्याच धर्तीवर चालतात, म्हणून सिस्कोचेच उदाहरण घेतो. १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित लेनर्ड बोझॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने ही कंपनी काढली. तिचा मुख्य धंदा राउटर आणि स्विच विकण्याचा, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे विकण्याचा. १९९३च्या सुमारास कंपनीने शाळांसाठी स्वस्तातली नेटवर्क आखून द्यायला सुरुवात केली. नेटवर्क बसले, पण बिघडले तर दुरुस्त करणारे शाळेत कोणी नव्हते. जॉर्ज वॉर्ड नावाच्या कंपनीच्या अभियंत्याने आधी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला घेतले, मग विद्यार्थीच शिकायला पुढे आले. त्यातून १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या ६४ शिक्षणसंस्थांमध्ये सिस्को नेटवर्किंग अकॅडमी सुरू झाली. आज ती जगभर आहे आणि आतापर्यंत कोट्यवधी विद्यार्थी तिच्यातून गेले आहेत. भारतातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत ती जागोजागी आढळते.

कंपनीचा फायदा काय, हे या इतिहासातच आहे. यंत्र चालवणारा माणूस असेल तरच यंत्र विकले जाते. ज्या मुलाने चार सत्रे एका कंपनीच्या राउटरवर हात बसवला, तो उद्या बँकेत किंवा रुग्णालयात नेटवर्क सांभाळायला लागल्यावर खरेदीच्या यादीत त्याच कंपनीचे नाव लिहिण्याची शक्यता जास्त. हा व्यवहार उघड आहे आणि मला त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. अभ्यासक्रमाचा मजकूर शिक्षणसंस्थांना विनामूल्य देणे कंपनीला परवडते ते यामुळेच. कॉलेजचाही फायदा असतो. नॅकच्या मूल्यांकनात उद्योगांशी केलेले सामंजस्य करार आणि ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड कोर्स’ विचारले जातात. माहितीपत्रकात नाव झळकते ते वेगळेच. दोघांचे भले झाले. तिसरी तुमची मुलगी, आणि तिचे भले कशात आहे, हे आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी तुम्हाला एका प्रयोगाच्या तासाला घेऊन जातो. टेबलावर एक राउटर, एक स्विच, दोन संगणक. राउटरच्या मागे कन्सोलची फिकट निळी केबल लावलेली. विद्यार्थिनी पडद्यावर आज्ञा टाइप करते, राउटरच्या पोर्टाला आयपी पत्ता देते, मग ‘नो शटडाउन’ लिहिते, कारण राउटरचे पोर्ट मुळात बंद असते आणि ते मुद्दाम चालू करावे लागते. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ म्हटले की पोर्ट ‘अप’ झाल्याचे दिसते. आता राउटरवरून समोरच्या संगणकाला पिंग करायचे, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते बघायचे. राउटर पाच संदेश पाठवतो. पडद्यावर उमटते एक टिंब आणि चार उद्गारचिन्हे. खाली लिहून येते, यश ८० टक्के.

टिंब म्हणजे उत्तर आले नाही. सगळी जोडणी बरोबर असताना पहिलेच पिंग का हुकले? मुलगी घाबरते, पुन्हा पिंग करते. आता पाचही उद्गारचिन्हे. काही न बदलता बिघाड गेला! वर्गातली निम्मी मुले इथे ‘झालं, चाललं’ म्हणून पुढच्या प्रयोगाकडे वळतात.

खरे शिकणे त्या टिंबात आहे. राउटरला समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता ठाऊक आहे, पण तारेवर संदेश सोडायचा तर त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता लागतो. तो त्याच्याकडे नाही. मग राउटर सगळ्यांना विचारतो, ‘हा आयपी पत्ता कोणाचा? तुमचा मॅक पत्ता सांगा.’ या विचारणीला एआरपी म्हणतात. उत्तर येईपर्यंत पहिला संदेश टाकून दिला जातो. उत्तर आले की राउटर ते आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवतो, म्हणून पुढचे चारही पोहोचतात. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद साधारण चार तास राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी त्याच टेबलाशी बसली, तर पुन्हा ते टिंब दिसेल.

पुस्तकात एआरपीवर अर्धे पान असते. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. पण ते टिंब डोळ्यांनी पाहिलेल्या आणि ‘शो एआरपी’ म्हणून तक्त्यातली नोंद स्वतः शोधून काढलेल्या मुलीला ती टीप पाठ करावी लागत नाही. कंपनीच्या अभ्यासक्रमाचे खरे मोल हेच आहे. हैदराबाद परिसरातली बरीच अभियांत्रिकी कॉलेजे जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे जेएनटीयूशी संलग्न आहेत. तिथे कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय टॅनेनबॉम यांच्या जाडजूड ग्रंथातून शिकवण्याची परंपरा आहे. ग्रंथ उत्तमच आहे, पण तो वाचून कोणाच्याही बोटांना आज्ञा टाइप करायची सवय लागत नाही.

ही उणीव किती मोठी होती, ते पाहायचे असेल तर मुलीच्या प्रवेशासाठी हैदराबादला जाल तेव्हा मेट्रोने अमीरपेटला उतरा आणि मैत्रीवनमच्या बाजूने एक फेरी मारा. इमारतींच्या दर्शनी भागावर एका विटेचीही जागा मोकळी नसते, इतके क्लासचे फलक. जावा, ओरॅकल, एसएपी, डेव्हऑप्स, सीसीएनए. हातात पत्रके कोंबणारी पोरे, झेरॉक्सची दुकाने, मजल्यांवर वसतिगृहे. आंध्र, तेलंगणा, मराठवाडा, विदर्भ, ओडिशा, सगळीकडची पदवीधर मुले इथे येऊन राहतात. पदवी हातात घेतलेल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीआधी पुन्हा दोन-तीन महिने पैसे भरून शिकावे लागते, ही विद्यापीठांची उणीव होती आणि तिच्यावर एक अख्खी वस्ती उभी राहिली. कंपनीच्या भागीदारीतले प्रशिक्षण म्हणजे अमीरपेटचे काम कॉलेजच्या आवारात आणण्याचा प्रयत्न आहे. प्रयत्न योग्य आहे, असे माझे मत आहे. आईबापांचे तिथल्या मुक्कामाचे भाडे वाचते, मुलगी चार भिंतींच्या आत शिकते आणि मुख्य म्हणजे हात चालवणे आणि विचार करणे या गोष्टी एकाच वर्षी, एकाच प्राध्यापकाच्या देखरेखीखाली होऊ शकतात.

‘होऊ शकतात’ असे म्हणालो, कारण इथेच विद्यापीठाची कसोटी लागते. कंपनीची प्रयोगपुस्तिका सांगते, ही आज्ञा द्या, हे दिसेल. पुढचा प्रश्न प्राध्यापकाने विचारायचा असतो. एआरपीच्या विचारणीला भलत्याच संगणकाने ‘तो पत्ता माझा’ असे खोटे उत्तर दिले तर? राउटर ते तपासतो का? नाही तपासत. एआरपीचा आराखडा १९८२चा आहे आणि त्यात ओळख पटवण्याची सोयच नाही. स्थानिक नेटवर्कवरच्या फसवणुकीचा एक मोठा प्रकार इथूनच सुरू होतो, आणि सायबर सुरक्षेचा अभ्यासही. हा प्रश्न वर्गात विचारला गेला तर ते विद्यापीठातले शिक्षण झाले. नाही विचारला तर तुम्ही अमीरपेटची फी कॉलेजच्या पावतीवर भरलीत, एवढेच.

कंपनीच्या अभ्यासक्रमाला दुसरी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या तंत्रांची. राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या पद्धती असतात. त्यातली ईआयजीआरपी ही पद्धत सिस्कोची स्वतःची. वर्षानुवर्षे मुलांनी ती सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी घोकली. २०२० मध्ये सीसीएनए परीक्षा नव्याने आखली गेली आणि ईआयजीआरपी विषयसूचीतून बाहेर पडली. ओएसपीएफ ही सगळ्या कंपन्यांना खुली असलेली पद्धत मात्र तशीच राहिली. तिची आजही वापरात असलेली आवृत्ती १९९८ची आहे. आयपीचा मूळ आराखडा १९८१चा. स्विचच्या जाळ्यात संदेश गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली स्पॅनिंग ट्रीची युक्ती अजून शिकवली जाते आणि वापरलीही जाते. खुले नियम टिकतात, कंपनीचे तंत्र कंपनीच्या सोयीने बदलते. विद्यापीठाने वजन कशाला द्यायचे, हे मग वेगळे सांगायला नको.

हैदराबादने या बाबतीत एक मोठा धडा पाहिला आहे. १९९८ साली गच्चीबावलीत आयआयआयटी ही माहिती-तंत्रज्ञानाची शिक्षणसंस्था स्थापन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्‌घाटन झाले आणि हायटेक सिटीला सुरुवात झाली. सरकारने जागा आणि इमारती द्यायच्या, उद्योगांनी साथ द्यायची, अशी आयआयआयटीची मांडणी होती. सुरुवातीच्या काळात तिथे आयबीएम, मोटोरोला, ओरॅकल, सत्यम अशा कंपन्यांच्या नावाच्या शाळाच आवारात होत्या. पुढे काय झाले? सत्यम २००९च्या जानेवारीत घोटाळ्यात कोसळली आणि टेक महिंद्राकडे गेली. मोटोरोला २०११ मध्ये दुभंगली. कंपन्यांच्या शाळा मागे पडल्या. पहिले संचालक राजीव संगल आणि नियामक मंडळाचे अध्यक्ष राज रेड्डी यांच्या काळात संस्थेने संशोधन केंद्रे उभारली, पदवीच्या मुलांनाही संशोधनात ओढले. आज आयआयआयटी ओळखली जाते ती त्या कामासाठी. उद्योगांची साथ तिने सोडलेली नाही, पण काय शिकवायचे हे ती स्वतः ठरवते.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. माहितीपत्रके इथे सर्वांत जास्त गोंधळ घालतात, म्हणून नीट लक्ष द्या. अकॅडमीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळतो तो पूर्णतेचा दाखला आणि एक डिजिटल बॅज. सीसीएनए हे प्रमाणपत्र म्हणजे संपूर्ण वेगळी गोष्ट. त्यासाठी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत दोन तासांची परीक्षा द्यावी लागते. तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे कर धरून पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जाते, आणि प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते, मग नूतनीकरण. अकॅडमीत चांगले गुण मिळवणाऱ्यांना परीक्षेच्या शुल्कात सवलत मिळू शकते. कॉलेजने ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ असे लिहिले असेल तर त्यांना सरळ विचारा : दाखला की सीसीएनए? सीसीएनएच असेल, तर परीक्षेचे शुल्क त्या जादा फीत धरले आहे का? उत्तर लेखी घ्या.

दुसरी चौकशी प्रयोगशाळेची. मुलीला घेऊन जाच आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणा. राउटर आणि स्विच किती आहेत, एका तासाला किती मुलांची बॅच असते आणि एका यंत्रामागे किती जणी बसतात, ते डोळ्यांनी बघा. काचेच्या कपाटात कुलूपबंद असलेली नवीकोरी यंत्रे म्हणजे तपासणीच्या दिवशी दाखवायची यंत्रे. कन्सोल केबलींची टोके झिजलेली दिसली, तर खुश व्हा. शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेटता आले तर त्यांनी कंपनीचे प्रशिक्षक म्हणून प्रशिक्षण घेतले आहे का आणि ते किती वर्षे हा विषय शिकवत आहेत, हेही विचारा. एमटेकची नुकतीच पदवी घेतलेल्या, दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी प्राध्यापकावर हा विषय टाकलेला असेल, तर करार कोणत्याही कंपनीशी असो, उपयोग नाही.

तिसरी गोष्ट क्रेडिटची. एआयसीटीईच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमानुसार बी.टेक. साधारण १६० क्रेडिटचे असते. कंपनीचे प्रशिक्षण त्या क्रेडिटमध्ये धरले जाते, की संध्याकाळी पाचनंतरचा जादा कोर्स म्हणून चालते? गुणपत्रिकेवर ते येत असेल तर मुलगी आणि प्राध्यापक, दोघेही ते मन लावून करतात. गुणपत्रिकेबाहेरचा कोर्स परीक्षा जवळ आली की पहिला बुडतो, हे शिक्षिका म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर जादा फी भरावी. एकही उत्तर टाळले गेले, तर त्या विद्यापीठात प्रवेश हवा असला तरी तेवढी फी भरू नये. ऐच्छिक असेल तर सोडून द्यावी. सुट्टीत मुलीला सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला सांगा. तिथला नेटवर्किंगचा प्राथमिक अभ्यासक्रम आणि पॅकेट ट्रेसर हे सरावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. महिनाभर करून पाहिल्यावर तिला हे आवडते की नाही, ते तिचे तिलाच कळेल. गणिताची भीती नको. या विषयातले बरेचसे गणित दोनाच्या घातांचे आहे. समजा, कॉलेजात चार प्रयोगशाळा आहेत, प्रत्येकीत पन्नास संगणक, आणि हाताशी २५६ पत्त्यांचा एक गट. चार समान भाग केले की प्रत्येकी ६४ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, उरले ६२. पन्नास संगणक आरामात बसले. यालाच सबनेटिंग म्हणतात आणि सातवीतल्या हुशार मुलाला तुम्ही ते एका तासात शिकवू शकाल.

मुलगी परक्या शहरात राहणार, ही काळजी तुम्ही लिहिली नसली तरी असणारच. पण हैदराबाद आपल्याला तसे परके नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा आणि पुढे औरंगाबादला १९५८ मध्ये विद्यापीठ होईपर्यंत आपल्याकडच्या मुलांचे उच्च शिक्षण १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशीच जोडलेले होते. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर या मंडळींनी हैदराबादला १९०७ मध्ये काढलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आजही आहे. देगलूरहून संगारेड्डीमार्गे रस्ता सरळ आहे आणि पुण्यापेक्षा हैदराबाद तुम्हाला कितीतरी जवळ आहे.

प्रश्न : मी उदगीरचा. बी.एस्सी. करून सध्या हैदराबादला क्लास लावला आहे. सीसीएनएचा सगळा सराव पॅकेट ट्रेसरवर झाला, खऱ्या राउटरला हात लावला नाही. मुलाखतीत अडचण येईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, परीक्षेत अडचण येणार नाही, आज्ञा, पत्ते, रस्ते ठरवणे हे पॅकेट ट्रेसरवर उत्तम जमते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मात्र येईल. सॉफ्टवेअरमधली वायर कधी अर्धवट बसलेली नसते. खऱ्या वायरीच्या टोकाला आठ तारा ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतात : केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. एक तार मागे राहिली की जोडणी कधी चालते, कधी नाही, आणि अशा बिघाडाला शोधायला तास जातो. तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे गेली की चालण्याची खात्री उरत नाही, हे कळते ते एखाद्या लांबलचक इमारतीत वायर ओढल्यावर. कन्सोलवर लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर विचित्र अक्षरे आली, तर वेग ९६०० ठेवायचा राहिला आहे, हेही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

उपाय खर्चिक नाही. सिकंदराबादला पार्कलेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे. तिथे आणि आसपास फिरून जुना वापरलेला व्यवस्थापित स्विच मिळतो का ते बघ. दोघा-तिघांनी मिळून घ्या. क्रिम्पिंगचा चिमटा, थोडी केबल आणि टोके घेऊन पंधरा-वीस केबली स्वतः तयार कर आणि टेस्टरवर तपास. सोबत लॅपटॉपवर वायरशार्क हे फुकटचे सॉफ्टवेअर टाक आणि स्वतःच्याच घरच्या वायफायवरचे संदेश उघडून बघ. वरच्या उत्तरात एआरपीबद्दल लिहिले आहे, ती विचारणी आणि तिचे उत्तर दोन्ही तुला तिथे ओळीने दिसतील. मुलाखतीत कोणी ‘काय केलेस?’ विचारले तर प्रमाणपत्राआधी हे सांग. तुझी आणखी अभ्यासाची तयारी असेल, तर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर आणि सुरक्षेचा साधारण सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रमही, पात्रतेची अट आधी तपासून, विचारात घे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुण्याची सी-डॅक तुला माहीत असेलच, तिचे हैदराबादलाही केंद्र आहे.

प्रश्न : आता सगळे क्लाउडवर आणि एआयवर चालले आहे. नेटवर्किंग शिकून पुढे काम मिळेल का?
— एका डिप्लोमा विद्यार्थ्याचे वडील, परभणी

उत्तर : क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक, आणि त्या इमारतींत नेटवर्किंगचे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जास्त असते. अ‍ॅमेझॉनने २०२२च्या नोव्हेंबरात हैदराबादला आपला भारतातला दुसरा क्लाउड विभाग सुरू केला. पहिला मुंबईत होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत डेटा सेंटर उभारण्याचे जाहीर केले. तेलंगणा सरकारने २०२४ मध्ये यंग इंडिया स्किल्स युनिव्हर्सिटीचा कायदा केला आणि आनंद महिंद्रा यांना तिचे अध्यक्षपद दिले. आपल्याकडे रतन टाटांच्या नावाचे राज्य कौशल्य विद्यापीठ आहेच. म्हणजे उद्योगांना बरोबर घेऊन शिकवण्याचा हा मार्ग वाढणार आहे.

काम बदलते आहे, हे मात्र खरे. एकेका राउटरवर बसून आज्ञा टाइप करणारा माणूस कमी लागेल. शंभर राउटरांना एकदम आज्ञा देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणारा जास्त लागेल. सीसीएनएत आता दहा टक्के वजन ऑटोमेशनला आहे, आणि २०२४च्या सुधारणेत एआयचाही उल्लेख आला. पण एकदम आज्ञा देता येते तशी एकदम चूकही करता येते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, त्यापाठोपाठ तिचे पत्ते कुठे आहेत हे इंटरनेटला कळवणाऱ्या बीजीपीच्या घोषणा मागे घेतल्या गेल्या, आणि दुरूनच दुरुस्ती करायची सोयही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन यंत्रांपाशी उभे राहावे लागले. अशा वेळी कन्सोलची केबल कुठे लावायची आणि काय टाइप करायचे, हे माहीत असलेली माणसे लागतात.

मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून पायथॉन शिकायला लावा, आणि आयपीची सहावी आवृत्तीही, कारण देशातल्या निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरकर्त्यांपर्यंत ती पोहोचली आहे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांत मात्र अजून चौथीवरच सराव चालतो. त्याच्या कॉलेजात कोणत्याही कंपनीची अकॅडमी नसली तरी या दोन्ही गोष्टी घरी बसून, पैसे न भरता शिकता येतात.